एका रात्रीत इंदूर कळत नाही

मा. संपादक,


‘इंदूरचे खाणे गोड आणि तेलकट’ हे गेल्या अंकातील पत्र वाचून वाईट वाटले. उन्हाळ्यातल्या एका रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात फेरी मारून पत्रलेखकांनी अख्ख्या शहराचा निकाल लावला. सराफ्यात तेलाचा हात सैल असतो, हे मान्य. पण तिथला गराडू हा कंद थंडीतला आणि भुट्ट्याचा कीस कोवळ्या कणसांच्या दिवसांतला. ते अवेळी मागितले तर चव कुठून येणार?

इंदूरकर रोज खातो ते गल्लीतल्या पोहेवाल्याकडे. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात, तिच्यात वाफेवर मऊ राहिलेले पोहे. तेल बेताचे, बडीशेपेचा वास, वर शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि चिमूटभर जिरावन मसाला. साखर असते, पण लिंबू-जिरावन तिला वर येऊ देत नाहीत. सोबत जिलेबी, घ्यायची तर. होळकरांच्या काळापासून इथे नांदणारी आम्हा मराठी माणसांची घरेही रविवारी हाच नाश्ता आणवतात.

पत्रलेखकांनी पुन्हा जरूर यावे, सकाळी लवकर, आणि कोणत्याही मोहल्ल्यात गर्दी दिसेल त्या ठेल्यावर उभ्याने खावे. मग जे वाटेल ते खुशाल लिहावे.

आपला,
एक वाचक, इंदूर