कोकणात जाता? मग कान घेऊन जा!



आम्ही गिरणीतली माणसं सहलीवर लिहितोय, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या! समुद्र काय फक्त मोटारवाल्यांच्या मालकीचा आहे? रजा साठवली, वर्गणी काढली, भाड्याची जीप ठरवली, की आम्हीही निघालो. दिवाळी झाल्यावर बुधवार पेठेतल्या आमच्या वाड्यातून आठ जण कोकण किनाऱ्यानं जाणार आहोत. पण या बेतावरून वाड्यात मोठं भांडण झालं. ते सगळ्यांनी ऐकण्याजोगं आहे.

एक बाजू म्हणाली, मुंबई-गोवा हमरस्ता धरा, सुसाट मालवण गाठा, मासे खा, फोटो काढा, परत या. आमचं म्हणणं निराळं. ताम्हिणी घाट उतरायचा, श्रीवर्धन-हरिहरेश्वर गाठायचं आणि तिथून खाडीखाडीनं खाली जायचं. बागमांडल्याला जीप बोटीवर चढवायची, वेसवीला उतरवायची. केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळला पुन्हा बोट, पलीकडे धोपावे. गुहागरहून तवसाळ, तिथून तिसरी बोट जयगडला. मग रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडे, रेडी. तेरेखोल आलं की गोव्याची हद्द लागली.

वेळ जास्त जाईल, कबूल. पण हमरस्ता किनाऱ्यापासून लांबून जातो. त्यावरून गाव दिसत नाही, माणूस भेटत नाही. बोटीवर मात्र उभं राहावंच लागतं. शेजारी टोपली घेतलेली बाई असते, शाळेची पोरं असतात, आणि त्यांची बोली कानावर पडते. बाणकोटाकडच्या कोकणी मुसलमानांची बोली निराळी, हर्णैच्या कोळ्यांची निराळी. देवगडाकडून खाली मालवणी लागते, 'कुठे'चं 'खंय' होतं. तेरेखोलची खाडी ओलांडली की कोकणी. तिला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली ती १९९२ साली. एका रस्त्यावर एवढं धन! ते काचा वर करून कसं मिळणार?

आता भांडणाचं खरं मूळ. आमच्यातला एक जण मालवणकडचा. लहानपणी पुण्यात आला तेव्हा त्याच्या बोलण्याला पोरं हसली. तेव्हापासून तो मालवणी बोलतो ती फक्त आईशी, तीही हळू आवाजात. स्वतःच्या मुलांशी बोलत नाही. बेत चालला असताना कोणीतरी म्हणालं, "तू चल, तिकडं 'वस्त्रहरण'ची भाषा बोलून दाखव, करमणूक होईल!" तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गणी परत मागितली.

बंधूंनो, आम्हांला लाज वाटली. गंगाराम गवाणकरांनी ते नाटक लिहिलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, मालवणी सगळ्या महाराष्ट्रात पोचली. लोक नाटकाला हसले, ठीक झालं. पण म्हणून कुणाच्या आईच्या भाषेला हसायचा परवाना मिळाला काय? २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. त्या लढ्यात ज्यांनी जीव दिले त्यांत गिरणी कामगार होते. मुंबईच्या गिरण्यांत राबायला कोकणचीच माणसं केवढी! ती माणसं घरी काय पुस्तकी मराठी बोलत होती? आपल्या भाषेला मान द्या, असं दिल्लीला बजावणारे आपण, आणि घरातल्या बोलीला आपणच हसायचं? हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, शाळेत, कचेरीत प्रमाण मराठी लागतेच. लागते ना! ती शिकूच. पण एक शिकायला दुसरी टाकावी लागते, हे कोणी ठरवलं?

आयर्लंड देशाचं बघा. तिथंही आयरिश भाषा उरली ती मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब, खडकाळ मुलखात. त्या मुलखाला गेलताख्त म्हणतात. २००५ पासून तिथल्या रस्त्यांवर गावांची नावं फक्त आयरिशमध्ये लिहायचा हुकूम झाला. डिंगल गावात त्यावरून केवढी खडाजंगी झाली! पाहुणे वाट चुकतील, धंदा बुडेल, असं लोक म्हणाले. म्हणजे नुसत्या पाटीनं प्रश्न सुटत नाही. पण त्यांची दुसरी रीत आम्हांला पटली. शहरातली शाळकरी पोरं उन्हाळ्यात तिथल्या घरांत राहायला जातात, जेवणाच्या टेबलावर भाषा शिकतात, आणि त्या घरांना सरकार पैसे देतं. भाषा चुलीपाशी जगते, हे त्यांना कळलं!

म्हणून आमचा बेत असा. मुक्काम गावातल्या घरी, मोठ्या हॉटेलात नाही. जेवण घरधनीण करील ते. वाट विचारायची ती माणसाला, आणि उत्तर नीट ऐकायचं. 'येवा, कोकण आपलोच आसा' अशी पाटी दिसली, तर ध्यानात ठेवायचं, की 'आपलो' म्हणजे पाहुण्यासारखं घर आपलं, सावकारासारखं नाही.

हे सगळं घेऊन आम्ही त्या मित्राकडं गेलो. चूक कबूल केली. मुक्कामाची गावं तूच ठरव म्हटलं. त्यानं बराच वेळ कागद हातात धरला. मग वर्गणी परत जमा केली, अट एकच घातली. देवगड सोडलं की जीपमध्ये तो मालवणीच बोलणार, आणि त्याचा थोरला मुलगा त्याच्या शेजारी बसणार.

अट मंजूर आहे. तुम्हीही अशीच जीप काढा!