गिअर संगणकात, कसोटी चिखलात

शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मात्र ऐन हंगामात गिअरबॉक्स बिघडल्यास वाया जाणारे दिवस करसवलतीने भरून निघत नाहीत. त्यामुळे गिअरबॉक्सची संगणकावरील आभासी चाचणी, अर्थात सिम्युलेशन, हा केवळ अभियंत्यांचा विषय राहत नाही.

क्लच दाबल्यावर मोटार वेगाच्या ओघात पुढे जाते. नांगर जमिनीत रुतलेला ट्रॅक्टर जवळपास जागीच थांबतो. म्हणून हाताने गिअर बदलणारा चालक नांगरटीपूर्वीच गिअर निवडतो. ‘पॉवरशिफ्ट’ रचनेत एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकड घेतो. दुसऱ्याला उशीर झाला तर ओढ तुटते; दोन्ही अधिक काळ गुंतले तर क्लच तापतात. हा क्षणार्धाचा मेळ संगणकावर एकही भाग न झिजवता पुनःपुन्हा पडताळता येतो.

खरी अडचण मातीची आहे. गिअरच्या दात्यांचे गणित बरेच नेमके मांडता येते; चिखलात घसरणाऱ्या चाकाचे तसे नाही. कोरड्या शेतावरून काढलेला निष्कर्ष गोव्यातील भाताच्या चिखलणीला किंवा बेळगावात ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीला लागू पडेलच असे नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत चिखलणीचीही चाचणी होते. पण तोवर यंत्र घडून झालेले असते. कृषी विद्यापीठांनी स्थानिक मातीतील भारांच्या नोंदी रचनेआधीच खुल्या केल्या, तरच संगणकाचा कौल शेतात टिकेल.