जुन्या जीपची गळती

मोताळ्याहून बुलढाण्यास जायचे तर राजूर घाट चढावा लागतो आणि परतताना तोच उतरावा लागतो. या परिसरातील काही व्यापारी घराण्यांच्या अंगणात महिंद्राची जुनी फोर-व्हील जीप आजही उभी दिसते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्याने जाण्यास ती उपयोगी पडते. तिच्या मागच्या चाकाच्या आतील बाजूस काळसर ओघळ दिसू लागला, की ‘जुनी गाडी, थोडे गळणारच’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. परंतु हेच तेल ड्रममध्ये शिरून ब्रेकचे लायनर भिजवते. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. घाट उतरताना मात्र गाडी एका बाजूस ओढते, किंवा ब्रेक पुरेसा लागतच नाही.

खतावणीत तूट आली तर जाणता व्यापारी बेरीज खोडत नाही, मूळ नोंदीपर्यंत मागे जातो. येथेही सील बदलण्यापूर्वी कारण शोधावे. ओघळ दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येत असेल, तर ते गिअर ऑइल होय. द्रव पातळ असेल, पाण्याने धुतला जात असेल आणि ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी उतरली असेल, तर दोष व्हील सिलिंडरचा. पुढच्या चाकामागील गोल नक्कलमधून ग्रीस पातळ होऊन झिरपत असेल, तर आतील सील निकामी झाल्याची शंका घ्यावी. ते काम अधिक खोलवरचे असते.

त्यानंतर ॲक्सलवरील ब्रीदर पाहावा. गाडी चालली की तेल व हवा तापून प्रसरण पावतात. चिखलाने ब्रीदर बुजला असेल, तर तो दाब सीलवाटे बाहेर पडतो. उलट, तापलेला ॲक्सल नाल्याच्या पाण्यात शिरून एकदम थंड झाला, तर तेच सील पाणी आत ओढते आणि तेल दुधाळ होते. अशा वेळी नवे सीलही टिकत नाही. तेलाची पातळी भरणीच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंतच असावी. शेवटी चाक जॅकवर उचलून हलवावे. खेळ जाणवल्यास बेअरिंग तपासणे अगत्याचे आहे, कारण डुलणारा शाफ्ट सीलची ओठी झिजवतो.

दुरुस्तीच्या वेळी गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांना दगड लावावेत. केवळ जॅकवर भरवसा न ठेवता ॲक्सलखाली भक्कम स्टँड द्यावा. काही जुन्या जीपमध्ये हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असते. ते पुलरनेच काढावे, हातोड्याने ठोकू नये. आत निघणाऱ्या पातळ शिम मोजून त्याच बाजूस परत लावाव्यात, कारण बेअरिंगचा खेळ त्यांवर ठरतो. जुने सील काढल्यावर शाफ्टवर जेथे ओठी टेकते तेथे नख फिरवावे. नख अडकेल इतकी खाच असेल, तर नव्या सीलने गळती थांबणार नाही. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, ओठीस थोडे तेल लावावे आणि सपाट नळीच्या आधाराने ते सर्व बाजूंनी सारखे आत बसवावे.

तेलात मुरलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे. उष्णतेने आतील तेल पुन्हा वर येते. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ती हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. निथळलेले तेल डब्यात साठवून तेलसंकलकास द्यावे, नाल्यात वा मातीत ओतू नये.

काम झाल्यावर मलकापूरच्या बाजूस सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर फेरी करावी आणि ब्रेक सरळ लागतो का ते पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाची आतील बाजू कोरडी आढळली, तरच गाडी घाटात न्यावी.