गुण, गुणवत्ता आणि मुलाखत

मराठीत 'गुण' हा शब्द तीन ठिकाणी चालतो. परीक्षेत पडतात ते गुण. माणसाच्या अंगी असतात तेही गुण. आणि कागलच्या बाजारात एखादी म्हातारी 'त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे' असे म्हणते तो तिसरा गुण. पहिला मोजता येतो, दुसरा ओळखावा लागतो आणि तिसऱ्याचा फक्त अनुभव येतो. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी मुलाखत घ्यावी की नाही, घेतल्यास तिला किती वजन द्यावे, हा वाद या तीन गुणांचा एकमेकांशी संबंध काय, या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

आम्ही मराठी शिकवतो. आमच्या वर्गात अकरावी-बारावीला विज्ञान शाखेची मुलेही बसतात. त्यांपैकी काही पुढे एमबीबीएस होतात आणि 'नीट-पीजी'च्या तयारीसाठी वर्ष-दोन वर्षे कोल्हापुरात किंवा पुण्यात खोली घेऊन राहतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट जाणवते. दोनशे प्रश्न, आठशे गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला उणे एक, एवढ्या हिशेबावर हा तरुण बालरोगतज्ज्ञ होणार की क्ष-किरणतज्ज्ञ, हे ठरते. निम्म्या शासकीय जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि निम्म्या राज्याच्या कोट्यातून, पण दोन्हीकडे विचारला जातो तो गुणानुक्रमच. 'तुला ही शाखा का हवी?' असे त्याला कोणी विचारत नाही. मुलाखतीचे वजन आपल्याकडे शून्य आहे.

अमेरिकेत नेमके उलटे चालते. तिथे निवासी डॉक्टर होण्यासाठी १९५२ पासून 'मॅच' नावाची पद्धत आहे. उमेदवार अनेक रुग्णालयांकडे अर्ज करतो, रुग्णालये त्यांतून काहींना मुलाखतीला बोलावतात, नंतर दोघेही आपापल्या पसंतीची क्रमवार यादी देतात आणि संगणक जोड्या जुळवतो. मार्चमध्ये निकाल लागतो. परीक्षेतील गुण, शिफारसपत्रे, प्रबंध हे सारे मुलाखतीचे बोलावणे येईपर्यंत उपयोगी पडते. बोलावणे आल्यानंतर यादीत वर की खाली, हे ठरवताना तिथले विभागप्रमुख मुलाखतीतील वागण्या-बोलण्याला सर्वांत जास्त महत्त्व देतात. तसे ते वर्षानुवर्षे सर्वेक्षणांत सांगत आले आहेत. २०२२ पासून तिथल्या पहिल्या परवाना परीक्षेचे गुण देणे बंद होऊन केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागू झाला, म्हणजे चाळणीचे एक जाळे आणखी सैल झाले. महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या मुलांसाठी ही मुलाखत पूर्वी विमानाच्या तिकिटाइतकी महाग होती. २०२० च्या साथीनंतर ती बहुतेक ठिकाणी पडद्यावर आली, आणि घड्याळांतील फरकामुळे इथल्या मुलाला रात्री टाय बांधून संगणकासमोर बसण्याची वेळ आली.

हे ऐकले की आपल्याकडचे पुष्कळ लोक म्हणतात, 'बघा, तिकडे माणूस पाहून घेतात, आपल्याकडे आकडा पाहून.' या म्हणण्यात तथ्य आहे. डॉक्टरीत स्मरणशक्तीइतकाच स्वभावही लागतो. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या कौशल्यावरून, रात्री तीन वाजता मुलाचा श्वास थांबल्यावर हंबरडा फोडणाऱ्या आईशी तो कसा बोलेल, हे कळत नाही. शिवाय आकडा तरी पवित्र राहिला आहे का? २०२३ साली जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा सर्व प्रवर्गांसाठी पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणण्यात आला. म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र, आणि पुढे खासगी महाविद्यालयातील शुल्क ज्याला झेपेल तो डॉक्टर. तेव्हा 'गुणवत्ता' म्हणून आपण ज्याची पूजा करतो तो आकडाही गरजेप्रमाणे वाकतो, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही प्रवेशाच्या दारात मुलाखत बसवावी, असे आम्हांला वाटत नाही. त्याची कारणे आपल्या इतिहासात आहेत.

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला शंभर आणि तोंडी परीक्षेला पन्नास गुण होते. लेखीत वर असलेली मुले तोंडीत खाली आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अजय हासिया खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे. मुलांची तक्रार अशी होती की मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि तीत वडील कोण, राहता कुठे, असलेच प्रश्न विचारले गेले. १९८० साली न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. मुलाखत मुळातच वाईट, असे न्यायालयाने म्हटले नाही. परंतु एकूण गुणांच्या एक-तृतीयांश वाटा तिला देणे मनमानीचे ठरते आणि पंधरा टक्क्यांहून अधिक वाटा असू नये, असे सांगितले. मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, हेही सुचवले. त्याआधी १९६४ साली म्हैसूर राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांच्या चित्रलेखा खटल्यात न्यायालयाने मुलाखतीची पद्धत बहुमताने मान्य केली होती. सोळा वर्षांत न्यायालयाच्या मनातली शंका किती वाढली, हे या दोन निकालांवरून दिसते.

'वडील कोण, राहता कुठे' हे प्रश्न आमच्या भागाला नवे नाहीत. आमच्यातील एकाने उमेदवारीच्या काळात एका संस्थेत अध्यापकपदासाठी मुलाखत दिली. आधी आडनाव विचारले गेले, मग गाव, आणि मग हसतमुखाने, 'तुमचे पाहुणे कोण?' कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तुकाराम, केशवसुत, मर्ढेकर यांच्याविषयी तयार केलेली उत्तरे तशीच खिशात राहिली. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने सहायक प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी जे विनियम केले, त्यांत पदव्या-प्रकाशनांचे गुण केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते धरून अंतिम निवड फक्त मुलाखतीवर सोपवली होती. त्या खोलीत काय चालू शकते, हे आमच्या पेशातल्या माणसाला विचारावे.

याच कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. 'अधिकाऱ्यांनी योग्य माणसे पाहून घ्यावीत' असेही त्यांना म्हणता आले असते. पण निवडणाऱ्याची नजर कुठे जाते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी कोणाच्या सद्भावनेवर विसंबून न राहता आकडा लिहून दिला. आकड्याला डोळे नसतात, हा त्याचा दोष आहे आणि आपल्या समाजात तोच त्याचा गुणही आहे. डीएनबी अभ्यासक्रमाच्या जागांसाठी पूर्वी रुग्णालये आपापल्या पातळीवर मुलाखती घेत, पुढे २०१३ च्या सुमारास ते काम केंद्रीय गुणवत्ता यादीकडे गेले. त्या मुलाखतींना लाचलेल्या कुणाच्या ओळखीपाळखी नव्हत्या, त्या मुलांना हा बदल सुटकेसारखा वाटला, यात आश्चर्य नाही.

कोणी म्हणेल, की हा सारा दोष माणसांचा झाला, मुलाखतीचा नव्हे. प्रामाणिक माणसे बसवली तर? याला ह्यूस्टनचे एक जुने उत्तर आहे. १९७९ साली टेक्सास विद्यापीठाच्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाची निवड पूर्ण झाल्यानंतर विधिमंडळाने आणखी पन्नास जागा भरायला लावल्या. मुलाखतीनंतर यादीत बरेच खाली गेलेले आणि आधी नाकारलेले विद्यार्थी घ्यावे लागले. पुढे वैद्यकीय शिक्षणात आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षात या दोन गटांच्या कामगिरीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. १९८७ साली हे निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिथे कोणी पाहुणे विचारले नव्हते. प्रामाणिक माणसांनीच मुलाखती घेतल्या असे धरले, तरी त्यांना जे दिसले असे वाटले ते पुढच्या कामात उतरले नाही.

असे का व्हावे? आम्ही भाषेचे शिक्षक म्हणून याचे एक कारण सुचवू इच्छितो. मुलाखतीत उमेदवार बोलतो आणि समोरचे ऐकतात. बाह्यरुग्ण विभागात हे उलटे होते. तिथे रुग्ण बोलतो आणि डॉक्टरने ऐकायचे असते. म्हणजे ज्या गुणासाठी आपण मुलाखत घेऊ म्हणतो, त्याच्या विरुद्ध गुणाची ती परीक्षा ठरते. चटपटीत इंग्रजी, सफाईदार हातवारे, 'मला समाजाची सेवा करायची आहे' हे पाठ केलेले वाक्य, यांना तिथे गुण मिळतात. शिकवणीवर्ग त्याचेही साचे तयार करून विकतील, आणि ते साचे विकत घेण्याची ऐपत कोणाची असेल हे उघड आहे.

ऐकणे मात्र फार अवघड असते. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडून येणारा माणूस आपले दुखणे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगत नाही. 'कसनुसं होतंय', 'जीव घाबरा होतोय', 'छातीत चमक निघती', 'अंग मोडून आलंय', 'पोटात कालवतंय'. यांतील प्रत्येक शब्दप्रयोग हे एक लक्षण असते. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या निवासी डॉक्टरला हे शब्द नवे असतात, यात त्याचा दोष नाही. पण 'जीव घाबरा होतोय' म्हणजे भीती, धडधड की दम, हे त्याने पुन्हा विचारून घ्यायचे की 'घबराहट' असे लिहून पुढच्या रुग्णाकडे वळायचे, यावर रुग्णाचे भवितव्य ठरू शकते. हे शब्द आणि ही सवय दोन्ही शिकता येतात, शिकवता येतात, आणि शिकली की नाही हे तपासताही येते. मात्र ते प्रवेशाआधीच्या पंधरा मिनिटांत तपासता येत नाही. परीक्षेला बसणाऱ्या दोन लाखांहून अधिक उमेदवारांना प्रत्येकी पंधरा मिनिटे द्यायची म्हटली तरी पन्नास हजार तास होतात, हा हिशेब वेगळाच.

स्वभाव पाहून डॉक्टर निवडण्याचे काही गंभीर प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये उमेदवारांना काही दिवस ठेवून घेऊन कसोट्या आणि मुलाखती होत. 'नीट'च्या सक्तीवर वाद झाला तेव्हा २०१७ साली त्या संस्थेने एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी एकच भरली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने 'नीट' सर्वांना लागू असल्याचे सांगितले. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण सेवाग्रामचे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. 'नीट' आल्यावर ती गेली. पण तिच्याहून मोलाची वाटते ती तिथली दुसरी पद्धत: पदव्युत्तर शिक्षण हवे असलेल्या तिथल्या पदवीधराने आधी दोन वर्षे ग्रामीण भागात काम करावे, ही अट. 'मला खेड्यात सेवा करायची आहे' हे वाक्य कोणालाही म्हणता येते. दोन पावसाळे खेड्यातल्या दवाखान्यात काढून दाखवणे निराळे. मुलाखतीने ज्याचा अंदाज बांधायचा, तीच गोष्ट सेवाग्रामने करून दाखवायला सांगितली.

आमचे म्हणणे या वाटेने जाते. दारात आकडा राहू द्यावा, कारण दारातल्या माणसांवर विश्वास ठेवण्याइतका आपला समाज अजून निष्पक्ष झालेला नाही. पण आत आल्यानंतर तीन वर्षांचा काळ असतो. त्या तीन वर्षांत निवासी डॉक्टर रुग्णाशी कसा बोलतो, नातेवाइकांना वाईट बातमी कशी देतो, परिचारिकेशी कसा वागतो, हे रोज दिसत असते. ते लिहून ठेवले जात नाही, एवढेच. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २००४ च्या सुमारास एका लांब मुलाखतीऐवजी निरनिराळ्या परीक्षकांसमोर अनेक छोट्या कसोट्यांची पद्धत पुढे आणली. तिच्यामागचे तत्त्व साधे होते: एका डोळ्याने एकदा पाहण्यापेक्षा अनेक डोळ्यांनी अनेकदा पाहावे. आपल्या रुग्णालयात असे डोळे आहेतच. एमडी-एमएसच्या शेवटी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षाही आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश झाला आहे, सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेलाही जागा आहे. ही साखळी पदव्युत्तर वर्षांत तुटते, तिथे ती जोडावी. दर सहा महिन्यांनी, वेगवेगळ्या शिक्षकांनी आणि परिचारिकांनी, प्रत्यक्ष रुग्णासमोर पाहून केलेली नोंद असावी. ती निवासी डॉक्टरला वाचायला मिळावी, तिच्यावर हरकत घेता यावी, आणि अंतिम परीक्षेला बसण्यासाठी ती आवश्यक असावी. मनमानीचा धोका इथेही आहे. पण पंचवीस जणांच्या तीन वर्षांच्या नोंदी वाकवणे हे बंद खोलीतल्या तिघांच्या दहा मिनिटांपेक्षा पुष्कळ कठीण असते.

योगायोगाने २०२३ साली राज्याचे वैद्यकीय शिक्षण खाते कागलचेच आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडे आले. त्यामुळे या गावात आता महाविद्यालये किती, जागा किती, इमारती किती, यांची चर्चा चहाच्या टपरीवरही होते. ती व्हायलाच हवी. पण त्या जागांवर बसणारा डॉक्टर 'पोटात कालवतंय' हे ऐकून खुर्ची पुढे ओढतो की नाही, हेही कोणीतरी मोजायला सुरुवात करावी. सीपीआरच्या एखाद्या विभागाने एका वर्षापुरती जरी अशी नोंदवही ठेवली, तरी त्या कामात लागणारी बोली समजावून द्यायला आमच्यासारखे मराठीचे शिक्षक आनंदाने येतील.