सोलापुरात कोणाची सही चालते?

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की सोलापुरात क्लासवाल्यांचे फलक झळकू लागतात. पूर्वी त्यांवर सीए आणि फार तर सीएस असायचं. आता एसीसीए, यूएस सीएमए, सीपीए अशी अक्षरं आणि त्यांच्यापुढे पॅकेजचे लाखांतले आकडे असतात. घराघरातला हिशेब मात्र जुनाच आहे: सीए झाला तर उत्तम, ग्रुप निघेना तर सीएमए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) बघू, तेही जमलं नाही तर जीडीसी अँड ए ही सहकार खात्याची पदविका करून सोसायट्यांचं ऑडिट करील. ही उतरंड परीक्षेच्या अवघडपणावर रचलेली आहे. काम आणि पैसा तसा वाटला जात नाही. कोणत्या कागदावर कोणाची सही लागते हे कायदा ठरवतो आणि ती सही एखाद्या गावात किती वेळा लागते हे तिथल्या धंद्यावर अवलंबून असतं. मुंबई-पुण्याची उतरंड सोलापूरला जशीच्या तशी लावल्याने मुलांची निवड चुकते. शिवाय या जिल्ह्याला ज्या माणसाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच खालच्या पायरीवर बसवला जातो. तो म्हणजे खर्चाचा हिशेब जाणणारा सीएमए, अर्थात कॉस्ट अकाउंटंट.

सीएचं वजन कशात आहे ते आधी मान्य करू. कंपनीचं वैधानिक ऑडिट 2013 च्या कंपनी कायद्याने फक्त सनदी लेखापालाकडे ठेवलं आहे. आयकराच्या टॅक्स ऑडिटवर त्याचीच सही लागते. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही 'अकाउंटंट' म्हणजे सीएच; सीएमए आणि सीएस मंडळींची त्यात शिरण्याची मागणी मान्य झाली नाही. पण कुंपण कायद्याने घातलेलं असेल तर कायदा ते मागेही सरकवू शकतो. धंद्याची एक कोटीवरची उलाढाल टॅक्स ऑडिटला पात्र होती. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत ठेवणाऱ्यांसाठी ही मर्यादा 2020 मध्ये पाच कोटी आणि 2021 मध्ये दहा कोटी झाली. जीएसटी 2017 मध्ये आला तेव्हा दोन कोटींवरच्या उलाढालीला ऑडिट होतं, ते सीए किंवा सीएमए करायचे. 2021 मध्ये ते रद्द होऊन व्यापाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र पुरेसं ठरलं. सूत, किराणा, धान्य, औषधं या धंद्यांत दोन ते दहा कोटींच्या टप्प्यातली दुकानं आणि पेढ्या हाच सोलापूरच्या मध्यम सीए ऑफिसचा मोठा ग्राहक. या ऑफिसांकडे आता उरलं ते मुख्यतः रिटर्न भरण्याचं काम आणि ते टॅलीवर हात बसलेला अकाउंटंटही कमी पैशांत करून देतो. दुसऱ्या बाजूला परीक्षेची चाळण तितकीच बारीक आहे. मे 2024 च्या सीए फायनलमध्ये दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी 19.88 टक्के उत्तीर्ण झाले, नोव्हेंबर 2024 मध्ये 13.44 टक्के. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला ज्या कामाची वाट पाहत अनेक अटेम्प्ट येतात, तेच काम इथे आटत चाललं आहे.

आता सोलापूर नेमकं काय कमावतं ते पाहू. टेरी टॉवेल बनवणारा कारखानदार माल बहुधा किलोच्या भावाने बोलतो. त्या एका किलोत सुताचा भाव आहे, रंगणी आहे, कामगाराची मजुरी आहे, वीजबिल आहे, वाया जाणारं सूत आहे, उधारीवर अडकलेल्या पैशाचं व्याज आहे. ऑर्डर घेताना यातल्या पहिल्या दोन-तीन गोष्टी हिशेबात येतात. बाकीच्या वर्षाअखेरीस, ताळेबंद बघून कळतात. तोवर ज्या जातीच्या टॉवेलवर तोटा होता तिच्याच ऑर्डरी वर्षभर घेतलेल्या असतात. कायद्याने कापड उद्योगालाही कॉस्ट ऑडिट लावलं आहे, पण ते कंपनीला आणि एकूण उलाढाल शंभर कोटी, त्यात त्या मालाची पस्तीस कोटी असेल तर. इथले यंत्रमाग बहुतांशी एकट्याच्या किंवा भागीदारीच्या मालकीचे. त्यांना कंपनी कायदा लागत नाही आणि उलाढाल मर्यादेच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे खर्चाचा हिशेब कोणी विचारत नाही आणि तो ठेवणाऱ्याला कोणी पगार देत नाही.

साखरेत ही विसंगती अधिक ठळक आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, काही सहकारी, काही खासगी. साखर हा कॉस्ट ऑडिटच्या नियमांत नियंत्रित उद्योग आहे. खासगी कारखाना कंपनी असल्याने पन्नास कोटींची एकूण आणि पंचवीस कोटींची साखरेची उलाढाल ओलांडली की त्याला सीएमएकडून कॉस्ट ऑडिट करून घ्यावं लागतं. शेजारच्याच सहकारी कारखान्याला हे बंधन लागू नाही, कारण तो 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेला आहे. ऊस तोच, गाळप तेच, साखरेचा उताराही जवळपास तोच. 2025-26 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) होता. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेला पैसा शेतकऱ्याला मिळतो आणि तोडणी-वाहतुकीचा आकडा फुगवला जातो अशी तक्रार दर हंगामात होते. राज्याच्या 2013 च्या ऊसदर कायद्याप्रमाणे साखर आणि उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नाचा सत्तर टक्के किंवा फक्त साखरेच्या उत्पन्नाचा पंचाहत्तर टक्के वाटा शेतकऱ्याचा. म्हणजे बगॅस वीजनिर्मितीला कोणत्या भावाने दिलं, मळी इथेनॉलकडे कितीला वळवली, या नोंदींवर उसाचं बिल ठरतं. हा सगळा प्रश्न मुळात कॉस्टिंगचा आहे आणि त्यासाठीच घडवलेला पदवीधर या जिल्ह्यात हुकलेला सीए समजला जातो.

यावर पहिला आक्षेप येईल की सीएलाही कॉस्टिंग येतं. येतं, इंटरला तो पेपर आहे. पण नव्या अभ्यासक्रमात, मे 2024 पासून, फायनलचा कॉस्टिंगचा स्वतंत्र पेपर राहिला नाही. तो विषय ऑनलाइन, आपल्या सवडीने करायच्या मॉड्यूलमध्ये गेला. संस्थेने स्वतःच ठरवलं की आपल्या माणसाचा गाभा ऑडिट, कर आणि वित्त आहे. त्यात गैर काही नाही, मात्र मग दोन पदव्या एकाच शिडीच्या पायऱ्या म्हणून मोजू नयेत. सार्वजनिक उपक्रम तसं मोजत नाहीत. एनटीपीसीसारख्यांच्या वित्त विभागाच्या जाहिरातीत सीए आणि सीएमए एकाच ओळीत असतात आणि एनटीपीसीचा 1,320 मेगावॉटचा प्रकल्प सोलापूरच्याच वेशीवर उभा आहे. वीज, सिमेंट, रसायनं हे सगळे कॉस्टच्या नियमांत येणारे उद्योग आहेत.

जीडीसी अँड ए ची तर टिंगलच होते. सहकार खात्याची ही परीक्षा वर्षातून एकदा होते, कोणत्याही शाखेचा पदवीधर ती नोकरी सांभाळून देऊ शकतो. सहकार कायद्याच्या कलम 81 प्रमाणे पुरेसा अनुभव असलेला असा पदविकाधारक पॅनेलवर येतो आणि पतसंस्था, विकास सोसायट्या, गृहनिर्माण संस्था यांचं ऑडिट करतो. याच पॅनेलवर येण्यासाठी सीएलाही सहकारी संस्थांच्या ऑडिटचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान लागतं, हे फलकांवर कोणी लिहीत नाही. ऑडिट वरवरचं होतं, संस्था बुडतात, असं यावर म्हटलं जाईल. ते खोटं नाही. पण सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये रद्द केला आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेवर 2018 मध्ये प्रशासक आला, या दोन्ही नागरी वा मोठ्या बँका होत्या, गावच्या सोसायट्या नव्हेत. संस्था बुडवण्याचं खापर पदविकेवर फोडणं सोपं आहे. कर्ज कोणाला वाटलं हा प्रश्न त्यामुळे टळतो.

परदेशी पदव्यांविषयी थोडक्यात. एसीसीए आणि यूएस सीएमए यांना भारतात वैधानिक ऑडिटवर सही करता येत नाही. त्यांचा उपयोग पुणे, हैदराबाद, बंगळूरच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कार्यालयांत आणि आखातात आहे. तिथे जायचं ठरवलेल्या मुलासाठी ही सरळ वाट आहे, फसवणूक नाही. फसवणूक होते ती यूएस सीएमए म्हणजे आपल्या कोलकात्याच्या संस्थेचीच पदवी असं समजून फी भरणाऱ्या पालकांची. अमेरिकेची परीक्षा दोन भागांची, आपली तीन टप्प्यांची आणि कॉस्ट ऑडिटची सही आपल्याच पदवीला. सीएस ही पदवी आपलीच, पण तिचंही काम बहुतेक बाहेरगावीच आहे. पूर्णवेळ सचिव नेमण्याची सक्ती शेअर बाजारातल्या आणि दहा कोटींवर भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना आहे. बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स अशी नावं सोलापुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सीएस व्हायचं तर घर सोडायची तयारी आधी हवी.

सगळ्यात रोखठोक आक्षेप पालकांचा असेल: गरज आहे म्हणता, पण सीएमए होऊन सोलापुरात नोकरी कुठे आहे? आज थोड्याच आहेत आणि ते लपवून मुलाला त्या वाटेला लावणं अप्रामाणिक होईल. पण हे काम निर्माण करता येतं. टॉवेलच्या धंद्यात दहा कारखानदारांनी मिळून एक कॉस्ट अकाउंटंट ठेवला तर तो परवडतो, त्याला सरकारच्या परवानगीची गरज नाही. साखरेत मात्र राज्य सरकारला हलावं लागेल. खासगी कारखान्याला जे दरवर्षी बंधनकारक आहे ते सहकारी कारखान्यालाही बंधनकारक केलं, साखर, मळी, बगॅस आणि विजेचा खर्च वेगवेगळा तपासून सभासदापुढे ठेवायला लावला, तर या एका जिल्ह्यात कॉस्ट अकाउंटंटना कायमचं काम मिळेल आणि वार्षिक सभेत ऊसदरावर बोलायला सभासदाच्या हातात आकडे असतील. अडचण एवढीच की जिल्ह्याचं राजकारण कारखान्यांच्या संचालक मंडळांतून उभं राहिलेलं आहे. अशी दुरुस्ती मांडणाऱ्याला विधानसभेत अनुमोदक शोधत फिरावं लागेल.