दिसतंय तोवरच डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या

तुमच्या घरात कुणाला काचबिंदू आहे का? आईला, वडिलांना, थोरल्या भावाला, बहिणीला? ठाऊक नसेल तर आजच विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर हा मजकूर तुमच्यासाठीच आहे. ‘नाही’ आलं तरी वाचा, कारण पुष्कळ घरांत कुणी तपासलेलंच नसतं.

डोळ्यात आत सतत पाणी तयार होतं आणि निचरून जातं. निचरा अडला की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. आधी कडेची नजर जाते. समोरचा पेपर, मोबाइल सगळं स्वच्छ दिसत असतं. वडिलांचा खांदा दाराच्या चौकटीला लागतो. स्कूटरवर असताना बाजूची गाडी एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. आपण म्हणतो, वय झालं. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत मिळते. काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा आजार आहे. दक्षिण भारतात गावोगावी झालेल्या पाहण्यांत दहापैकी नऊ रुग्णांना आपल्या आजाराचा पत्ताच नव्हता.

म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर काढून समाधान मानू नका. नंबर म्हणजे प्रेशर नव्हे. नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि स्पष्ट सांगा, ‘प्रेशर मोजा, बाहुली मोठी करून नस बघा.’ मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसलेल्या आजींनाही सोबत न्या. मोतीबिंदूच्या आडून काचबिंदू आपलं काम उरकत असेल, तर तो तिथेच सापडेल.

पण प्रेशर एकदा मोजून भागतं का? नाही. धरणाची पातळी वर्षातून दोनदा दुपारी बघून पूर कळत नाही. डोळ्याचा दाब दिवसभर वरखाली होतो आणि पुष्कळांचा रात्री, आडवं झाल्यावर वाढतो. तेव्हा दवाखाना बंद असतो. हीच अडचण ओळखून स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेन्सिमेड कंपनीने ‘ट्रिगरफिश’ नावाचं भिंग बनवलं. मऊ सिलिकोनच्या या कॉन्टॅक्ट लेन्समध्ये ताण ओळखणारी बारीक तार आणि चिमुकली चिप असते. बॅटरी नसते. डोळ्याभोवती चिकटवलेल्या अँटेनातून बिनतारी वीज मिळते आणि त्याच वाटेने नोंदी गळ्यात अडकवलेल्या यंत्रात जातात. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद, असं पूर्ण चोवीस तास, झोपेतसुद्धा. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली.

मला या भिंगाचं मनापासून कौतुक वाटतं. तरी त्याची वाट बघत थांबू नका! ते दाबाचा नेहमीचा आकडा देत नाही, बुबुळाच्या घेरातल्या फरकावरून चढउताराचा आलेख देतं. निदान तपासणीच्या खुर्चीतच होतं. शिवाय तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ते नसेलही. प्रेशर मोजायचं साधं यंत्र मात्र जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागातही असतं. तिथे जा. एखादा आकडा चांगला आला म्हणून पुढची तारीख चुकवू नका, कारण प्रेशर ठीक असूनही नस सुकलेली सापडते.

ज्यांना ड्रॉप्स सुरू आहेत त्यांना तर कळकळीची विनंती. बाटली संपली म्हणून थांबू नका. काही फरक वाटत नाही म्हणून थांबू नका. आहे ती नजर तशीच राहणं हाच त्या औषधाचा फरक. डोळा चुरचुरला तर डॉक्टरांना फोन करा, ते औषध बदलून देतील. सुनांनो, मुलांनो, नातवंडांनो, रात्रीचा तो एक थेंब तुम्ही घाला. म्हाताऱ्या हातांनी तो अनेकदा गालावरच पडतो. आणि डोळा खाजला की चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणू नका. त्यांनी प्रेशर वाढतं, लहान मुलांचंसुद्धा.

एक प्रकार मात्र अचानक येतो. डोळा ठणकतो, डोकं फुटतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. घरचे पित्त समजून गोळी देतात. देऊ नका! त्याच रात्री डोळ्यांचा दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबलात तर डोळा जाऊ शकतो.

रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना हा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तुम्हाला काचबिंदू असेल तर लपवू नका, त्यांना सांगा. आज रात्री जेवणानंतर भावाला फोन लावा, बहिणीला लावा, परगावच्या मुलालाही लावा, आणि तपासणीची तारीख ठरल्याशिवाय फोन ठेवू नका.