कळसूबाईहून उंच आसन

मुलांकडे परदेशी जाण्याचा बेत ठरला, की आपण औषधे आणि कागदपत्रे जमवू लागतो. श्वासाचा विचार मात्र राहून जातो. विमान सुमारे ३५,००० फुटांवरून उडते. आतील हवेचा दाब यंत्राने वाढविलेला असतो, तरी तो ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावरील दाबाइतकाच असतो. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फुटांचे. म्हणजे आपण त्याहूनही उंचावर कित्येक तास बसलेले असता.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते. पण दाब घटल्यामुळे रक्तात तो कमी मिसळतो. निरोगी माणसास हे सहसा जाणवत नाही. ज्यांना फुप्फुसांचा जुना विकार वा हृदयविकार आहे, घरात चार पावले चालतानाही धाप लागते, त्यांना मात्र हे जड जाऊ शकते.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्राणवायू लागणार असल्यास विमान कंपनीस आधी कळवावे. घरचे सिलिंडर परस्पर नेता येत नाही. प्रवासात धाप लागली, छातीत दुखू लागले, तर संकोच न करता कर्मचाऱ्यांना सांगावे. सोबतच्यांनीही ज्येष्ठांच्या अशा तक्रारीस ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नये.